अठ्ठेचाळीस पानांच्या बाई

नोकरीच्या पहिल्या दिवशी गायकवाड बाईंनी माझ्यासमोर दोन टंकलिखित पाने ठेवली आणि म्हणाल्या, "जे डोळ्यांनी दिसत नाही, ते सगळं खोड."

पाने एका धावपटूच्या चरित्राची होती. कोणा हौशी लेखकाने ती आमच्या प्रकाशनाकडे पाठवली होती. मी पेन्सिल घेतली. 'अफाट जिद्द' दिसत नाही; खोडली. 'उत्तुंग स्वप्ने', 'अथक परिश्रम', 'आईवडिलांचे संस्कार' ही सगळी एकामागून एक गेली. अर्ध्या तासाने तीन वाक्ये उरली. ती पहाटे उठत असे. तिच्याकडे बूट नव्हते. ती शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत असे.

बाईंनी पाने उचलली. "पहाटे उठत असे, हे तुला दिसलं?"

"उठताना माणूस दिसतो ना."

"मग किती वाजता उठते? कोण उठवतं? अंथरूण कोण गुंडाळतं?" त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तेही वाक्य खोडले. "दोन राहिली. यांच्यापासून लिहायला घेऊ. चहा घेतेस?"

मुलुंड पूर्वेला, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर आमचे कार्यालय होते. बाई तिथे एक मालिका चालवत. खेळ आणि मनोरंजन या दोन क्षेत्रांत नाव काढलेल्या स्त्रियांची चरित्रे, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. प्रत्येक पुस्तक बरोबर अठ्ठेचाळीस पानांचे. छपाईच्या एका मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. बाईंच्या हिशेबाने एका माणसाला तीन फर्मे पुरेसे होते. एखादा लेखक तक्रार करू लागला की इतके मोठे आयुष्य एवढ्यात कसे बसणार, तर त्या शांतपणे सांगत, "तीन फर्म्यांत बसलं नाही असं आयुष्य मला अजून भेटलेलं नाही. लेखक भेटलेत."

मी तिथे तथ्यतपासनीस होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर ट्रॉम्बेच्या संशोधन केंद्रातली जागा पहिल्या मुलाखतीत हुकली होती. पुढच्या मुलाखतीपर्यंत हाताशी काहीतरी असावे, म्हणून मी ही नोकरी धरली आणि सहा महिन्यांत सोडायची असे मनाशी ठरवूनच जिना चढले. बाईंना हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. सहा महिन्यांत तुझ्याकडून दीड वर्षाचं काम काढून घेईन." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी 'सायन्स' झाले.

बाईंचे स्वतःचे चरित्र लिहायचे म्हटले तर माझ्याकडे एक फर्माही भरणार नाही. वडील वाशीमकडून आलेले, रेल्वेत गँगमन. बाई तीस वर्षे घाटकोपरला महापालिकेच्या शाळेत शिकवत होत्या. लग्न केले नव्हते. का, हे विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. सुती साडीवर त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि चष्मा पुस्तकबांधणीच्या जाड दोऱ्याने गळ्यात अडकवत. मालिका कशी सुरू झाली, तेवढे मात्र त्यांनी मला सांगितले होते. शाळेच्या कपाटात स्त्रियांची अकरा चरित्रे होती. त्यांतल्या सात जणी कोणाच्या तरी आई म्हणून मोठ्या होत्या, तिघी कोणाच्या तरी पत्नी म्हणून आणि एक संत होती. चौथीतल्या एका मुलीने ती सगळी वाचून संपवली आणि विचारले, "बाई, यांच्यातलं कोणी कधी खेळलंच नाही का?" बाईंनी निवृत्तीपर्यंत वाट पाहिली आणि मग उत्तर लिहायला घेतले.

त्यांची काम करण्याची रीत मी नीट पाहिली, कारण ती माझ्या ओळखीची होती. फक्त मी ती प्रयोगशाळेत शिकले होते. दर शनिवारी त्या नव्या पुस्तकाचा कच्चा मजकूर घेऊन घाटकोपरच्या एका वाचनालयात जात आणि जमलेल्या पंधरावीस मुलांना तो वाचून दाखवत. मी मागे बसून कागदावर खुणा करायच्या. ज्या ओळीला मूल उठून पाणी प्यायला गेले, शेजाऱ्याला कोपरखळी मारू लागले किंवा खिडकीबाहेर पाहू लागले, त्या ओळीसमोर शून्य. मुलांचे मत विचारायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. "विचारलंस तर 'छान आहे' म्हणतील. आपणच शिकवलेलं असतं त्यांना तसं."

दोन महिने शून्ये जमवल्यावर मी एक आलेख काढला. आडव्या अक्षावर मजकुराचा प्रकार, उभ्या अक्षावर शून्यांची संख्या. सर्वांत उंच खांब पुरस्कारांच्या यादीचा आला. त्याखालोखाल बालपणीच्या गरिबीचा. सर्वांत बुटका खांब भांडणांचा. मी तो अभिमानाने बाईंसमोर ठेवला.

"हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग चष्मा लावून पुन्हा पाहिले. "पण उभं केल्यावर बरं दिसतंय." आलेख भिंतीवर लागला, आणि पुढच्या पुस्तकापासून पुरस्कारांची यादी मलपृष्ठावर गेली. ज्यांना हवी ते वाचतील, बाकीच्यांनी पुस्तक मिटावे.

चरित्रनायिकांना भेटायला जाताना बाई प्रश्नांची यादी नेत नसत. एकेकाळी पडद्यावर गाजलेल्या एका अभिनेत्रीकडे आम्ही अंधेरीला गेलो होतो. मोठा दिवाणखाना, थंडगार हवा, आणि आरंभीच अट: वय छापायचे नाही. माझ्या तक्त्यात जन्मवर्षाचा रकाना पहिला होता. तो रिकामा ठेवून पुढे जाणे मला जड गेले. बाई मात्र लगेच 'नाही छापणार' म्हणाल्या आणि शाळेच्या गप्पा काढल्या.

"तुम्ही पहिलीत होतात तेव्हा दूध बाटलीतून यायचं की पिशवीतून?"

"बाटलीतून. काचेची. मी एकदा जिन्यात फोडली होती, आईने धपाटा घातला."

"आणि मॅट्रिक अकरावीला, की दहावीला?"

अभिनेत्रीचा कप ओठांपाशी थांबला. मग त्या मनापासून हसल्या. "बाई, तुम्ही माझं वय काढताय."

"काढून झालं," बाई म्हणाल्या. "छापणार नाही म्हटलंय ना. आता त्या फुटलेल्या बाटलीचं सांगा."

पुस्तक निघाले तेव्हा चौथ्या पानावर असे छापलेले होते: 'त्यांचे वय आम्हांला ठाऊक आहे. पण सांगू नका, असे त्यांनी आम्हांला सांगितले आहे. म्हणून सांगत नाही.' मी हरकत घेतली. माहिती द्यावी किंवा वगळावी. दिलेली नाही हे छापण्याला काय अर्थ? बाईंचे उत्तर मला माझ्या कोणत्याही प्राध्यापकाने दिलेल्या उत्तरापेक्षा अधिक उपयोगी पडले आहे. "पोरांना रिकामी जागा दिसली की ती स्वतःच भरतात, आणि आयुष्यभर तेच खरं धरून चालतात. इथे रिकामं आहे, हे सांगून ठेवलेलं बरं." वाचनालयातल्या मुलांना मालिकेतले सर्वांत आवडलेले वाक्य तेच होते, हेही नमूद करते. त्या ओळीसमोर एकही शून्य पडले नाही.

कॅरमच्या पुस्तकात मात्र रिकामी जागा चुकीने भरली गेली, आणि भरणारी आम्हीच होतो.

चरित्रनायिका भांडुपची कॅरमपटू. घर मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. तिने वाड्याचाळींतल्या स्पर्धांपासून परदेशातल्या विजेतेपदापर्यंत मजल मारलेली. चित्रे मिलिंदने काढली. मिलिंद हा आमचा चित्रकार. माझ्याच वयाचा, पण पुस्तकाच्या बांधणीविषयी एखाद्या म्हाताऱ्या कारागिरासारखे कडक नियम बाळगणारा. त्याचा एक नियम असा की चित्रातल्या माणसाचे तोंड नेहमी पुस्तकाच्या घडीकडे असावे. डाव्या पानावरचा माणूस डावीकडे पाहू लागला, तर वाचणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर पुस्तकाबाहेर जाते. नियम योग्य आहे. जुने मुद्रक आजही तो पाळतात. बाविसावे पान डावे. त्यावर अंतिम सामन्याचे चित्र यायचे होते, आणि ज्या छायाचित्रावरून ते काढायचे, त्यात खेळाडू नेमकी डावीकडे तोंड करून बसलेली. मिलिंदने छायाचित्र आरशात दिसेल तसे उलटवून घेतले आणि चित्र काढले.

क्रिकेटपटू असती, तर सदऱ्यावरचा आकडा उलटा येऊन चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. कॅरमचा बोर्ड आरशातही तसाच दिसतो. चार भोके, मधोमध क्वीन, सगळे सममित. एक गोष्ट तेवढी बदलली. खेळाडूचा स्ट्रायकर मारणारा हात डावा झाला. मी त्या पुस्तकातल्या त्रेसष्ट तथ्यांसमोर बरोबरची खूण केली होती. चित्र हेही तथ्य असते, हे माझ्या तक्त्यात नव्हते.

पुस्तक निघाल्यावर दोनेक महिन्यांनी घाटकोपरहून एक पत्र आले. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बाई कार्यालयाचा पत्ता छापत आणि 'पत्र लिहा, फोन करू नका' असे बजावत. पत्र पाचवीतल्या प्रांजल नावाच्या मुलीचे होते. बाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावले.

'बाई, मी डावखुरी आहे. माझे बाबा मला कॅरम शिकवतात. पण ते म्हणतात उजव्याने खेळ, डाव्याने खेळणारे पुढे जात नाहीत. उजव्याने माझा स्ट्रायकर वाकडा जातो. तुमच्या पुस्तकातलं बावीस नंबरचं पान मी बाबांना दाखवलं. बाबा खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, बरं, खेळ डाव्याने. आता मी वॉर्डाच्या स्पर्धेत नाव दिलं आहे. चॅम्पियन ताईंना सांगा माझा पण डावा आहे.'

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचले. त्यांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि त्या दिवशी कोणाचेही वाक्य खोडले नाही.

आठ दिवसांनी भांडुपहून फोन आला. कॅरमपटू हसत होती. तिची आई गणपती आटोपून गावाहून परतली होती आणि तिने पुस्तक पहिल्यांदाच हातात घेतले होते. बाविसाव्या पानावर खेळाडूच्या मागे, अंगठ्याएवढ्या आकारात, आई उभी होती.

"आई सकाळपासून माझ्यावर चिडलीय," फोनवर ती सांगत होती. "म्हणते, माका गुजरातीण केल्यानी. पदर उजव्या खांद्यावर आहे ना तिचा. मग मी नीट बघितलं तर माझा हातच बदललाय. मी उजवी आहे हो, बाई."

हे लिहिताना मला हसू येते, त्या वेळी आले नव्हते. मुलुंडला आमच्या जिन्यात, बाजारात, बँकेच्या रांगेत निम्म्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तो पदर बाई, मी आणि मिलिंद अशा तिघांच्या नजरेखालून गेला होता, आणि इतक्या ओळखीचा होता की कोणालाच खटकला नाही. तो खटकायला मालवणहून तिची आई यावी लागली.

मिलिंदने दोन्ही हातांनी डोके धरले. थोड्या वेळाने म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत सुलटं करून टाकतो. कोणाला कळणारही नाही."

"प्रांजलला कळेल," बाई म्हणाल्या.

मी पर्याय मांडले. प्रांजलची स्पर्धा रविवारी होती, आज गुरुवार. आता सांगितले तर तिचे वडील हात बदलायला लावतील आणि तीन दिवसांत हात बदलत नाही. मुलगी हरेल आणि कदाचित खेळच सोडेल. स्पर्धेनंतर सांगितले तर नुकसान कमीत कमी. खरे दडवायचे नाही, फक्त क्रम बदलायचा.

बाईंनी ऐकून घेतले. "म्हणजे रविवारी ती आपल्या चुकीवर खेळणार आणि आपण बघत बसायचं?"

"ती आपल्या चुकीवर खेळणार नाही, बाई. ती तिच्या हातावर खेळणार आहे."

त्यांनी चष्म्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळून पुन्हा सोडवला. "असं असेल, तर मग सांगायला भिण्याचं कारण नाही," त्या म्हणाल्या. माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटला होता.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घाटकोपरला गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी लिफ्टदुरुस्तीच्या अवजारांची पेटी. प्रांजलचे बाबा नुकते कामावरून आले होते. बाहेरच्या खोलीत स्टुलावर कॅरमचा बोर्ड, आणि खाली फरशीवर सांडलेली पांढरी बोरिक पावडर. प्रांजल बाईंकडे पाहून इतकी हरखली की तिला बसा म्हणायचेही सुचले नाही.

बाईंनी पर्समधून मूळ छायाचित्र काढले आणि बाविसावे पान उघडून दोन्ही बोर्डावर शेजारीशेजारी ठेवली.

"प्रांजल, आमचं चुकलंय. या ताई उजव्या हाताने खेळतात. चित्र काढताना आम्ही फोटो उलटा केला. मुद्दाम नाही केलं, पण तपासलंही नाही. तू पत्रात लिहिलंस म्हणून तुला सांगायला आले."

प्रांजलने दोन्हींकडे पाहिले. मग छायाचित्र उचलून ती कपाटाच्या आरशासमोर गेली, ते आरशाकडे वळवून धरले आणि मान वळवून बोर्डावरच्या चित्राशी ताडून पाहिले. "हां," ती म्हणाली. "खरंच." परत येऊन खुर्चीवर बसली आणि डावा हात तिने मांडीखाली घातला.

त्या क्षणी मला बाईंचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच ना," बाबा म्हणाले. आवाजात विजय नव्हता, थोडा थकवा होता. "आमच्या मंडळात एक डावखुरा होता. चांगला हात होता त्याचा. सगळे चिडवून चिडवून दमले, शेवटी सोडला त्याने खेळ. पोरीचं तसं नको व्हायला. उद्यापासून उजव्याने बस गं."

मला वाटले, बाई आता भाषण देतील. शिक्षिकेला ते अवघड नसते. त्यांनी एवढेच विचारले, "हे पान तुम्ही बराच वेळ बघत होतात म्हणे. काय बघत होतात?"

"कुठे काय. असंच."

"असंच कोणी पाच मिनिटं बघत नाही. काय दिसलं?"

बाबांनी पुस्तक जवळ ओढले. "कोपर," ते म्हणाले. "हे बघा. मारताना कोपर जागचं हलत नाही यांचं. मनगट नुसतं. सगळा खेळ त्यात असतो."

"प्रांजलचं हलतं?"

"उजव्याने हलतं. कितीदा सांगितलं, हलतंच." त्यांनी प्रांजलच्या मांडीखालच्या हाताकडे पाहिले. "डाव्याने नाही हलत."

बाबा पुस्तकाकडे पाहत होते, प्रांजल बाबांकडे. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी छायाचित्र प्रांजलसाठी तिथेच ठेवले, दाराशी वाकून बुटांचे बंद बांधले आणि आम्ही निघालो.

बसथांब्यावर मी म्हटले, "विचारायचं होतं ना, बाई. अजून एकच प्रश्न बाकी होता."

"तो त्यांचा त्यांनी विचारायचा. मी विचारला तर उत्तर मला दिलं असतं." मग माझ्याकडे न पाहता, "चूक कबूल करणं सोपं असतं गं. आपण मोकळे होतो. त्यानंतर त्या घरात काय होतं, ते बघायला आपण नसतो." बाईंना चिंता वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बसमध्ये त्यांनी पर्समधून कागद काढला आणि विक्रीसाठी राहिलेल्या प्रतींत चिकटवायची चिठ्ठी लिहिली: 'पान २२ वरचे चित्र आमच्याकडून उलटे छापले गेले आहे. पुस्तक आरशासमोर धरल्यास बरोबर दिसेल.' खाली कंसात, 'ही युक्ती आमची एक वाचक प्रांजल हिची.' ती चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन झेरॉक्स करून आणली आणि मिलिंदने प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हाताने चिकटवली.

त्याच शनिवारी मला ट्रॉम्बेचे पत्र मिळाले. दुसऱ्या मुलाखतीत निवड झाली होती आणि पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचे होते. सहा महिन्यांचे अकरा महिने झाले होते. बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचले, त्यातली एक व्याकरणाची चूक पेन्सिलने दुरुस्त केली आणि म्हणाल्या, "उद्या मात्र माझ्याबरोबर चल." पुढच्या वर्षी त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. मालिका तिथून चालू आहे. कधी कधी फोन करून त्या मला एखादे तथ्य तपासायला सांगतात, 'तुला काय, तुझ्याकडे यंत्रं आहेत' म्हणून. पण त्यांना काम करताना शेवटचे प्रत्यक्ष पाहिले ते त्या रविवारी.

स्पर्धा घाटकोपरच्याच एका समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर होती. एका सभागृहात आठ बोर्ड, प्रत्येकावर खाली सोडलेला दिवा, भोवती पालकांच्या खुर्च्या. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रांजलची पहिली फेरी सुरू व्हायची होती आणि शेवटच्या बोर्डापाशी आवाज चढले होते. आवाज तिच्या बाबांचा होता. बोर्डाच्या टेबलाचा एक कोपरा भिंतीला खेटून होता आणि प्रांजलला मिळालेल्या जागेवर तो नेमका तिच्या डाव्या हाताला येत होता.

"भिंत सगळ्यांना सारखीच आहे, साहेब," पंच सांगत होते. "सकाळपासून सहा जण खेळून गेले या जागेवर. कोणाची तक्रार नाही."

"सहाच्या सहा उजवे होते. त्यांना ती भिंत लागणारच नाही. ही डावखुरी आहे. कोपर कुठे ठेवेल, तुमच्या खिशात?"

"मग एवढं होतं तर उजव्याने शिकवायचं."

"शिकवून बघितलं," बाबा म्हणाले. "नेम डाव्यात आहे तिचा. टेबल सरकवा."

"सोंगट्या मांडून झाल्यात. आता हलवता येत नाही."

प्रांजल स्ट्रायकर मुठीत धरून उभी होती. तिची प्रतिस्पर्धी, चष्मा लावलेली एक मुलगी, शांतपणे बिस्किट खात होती. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि गर्दीतून वाट काढत टेबलापर्यंत गेल्या.

"पंच, तुम्ही तो कोपरा धरा. बाबा, तुम्ही इकडे. अलगद घ्या, सोंगट्या हलता कामा नयेत." त्यांच्या आवाजात तीस वर्षांचा वर्ग होता, आणि पंचांनी नकळत कोपरा धरला. बाईंनी माझ्याकडे पाहिले. "सायन्स, तू मधे वाक आणि बोर्ड तिरपा होतोय का बघ."

आम्ही टेबल उचलले. क्वीन जागची हलली नाही. भिंतीपासून हातभर अंतर पडल्यावर बाई म्हणाल्या, "ठेवा." टेबल खाली आले. पंचांनी घाम पुसला. प्रांजल खुर्चीवर बसली, स्ट्रायकर रेषेवर ठेवला आणि डावे कोपर बाहेर काढून जागा किती आहे ते पाहिले. मग तिने बाईंकडे मान वर केली.

"अजून थोडं," ती म्हणाली.

"ऐकलंत ना," बाई पंचांना म्हणाल्या, आणि पुन्हा वाकून कोपरा धरला.